'ओन अप'चा फळा

कंपनीत रिजेक्ट माल साचतो, तसे किस्सेही साचतात. माल निदान भंगारात जातो. किस्से माझ्या डोक्यात पडून आहेत. डिप्लोमा अर्धवट सोडल्यामुळं तिथं जागाही भरपूर, असं घरच्यांचं म्हणणं.

तर चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात साहेब पुण्याहून ट्रेनिंग करून आले आणि फळ्यावर लिहिलं: 'ओन अप'. म्हणजे चूक झाली की कुणी पकडायच्या आत आपणच कबूल करायची. पंधरा जणांकडून तीनदा मोठ्यानं म्हणून घेतलं. ड्रिलिंगवाल्या सलीमभाईंनी विचारलं, "किसीने पकड्याच नै तो?"

"तरीही सांगायचं."

सलीमभाई माझ्या कानात म्हणाले, "इसीलिए अंग्रेजी में रखे."

---

आठवडाभर फळा कोरा. मग सुपरवायझर जगताप मामांनी पहिली कबुली लिहिली: 'पॅकिंगचं पोरगं ऐकत नाही.' पोरगं म्हणजे मी. म्हटलं, मामा, ही तुमची चूक कुठंय, ही तर माझी.

"मंग? म्हणून तर लिवली."

बावीस वर्षांचा अनुभव आहे मामांना. चूक दुसऱ्याच्या नावावर कशी चढवायची, याचाच.

---

मी मात्र येडा. चाळीस खोक्यांवर उलटी लेबलं लावली होती, ते सरळ नावानिशी लिहिलं. सकाळी टाळ्या, दुपारी मेमो! जाब विचारायला गेलो तर साहेब शांतपणे म्हणाले, "टाळ्या मी वाजवल्या. मेमो सिस्टिमनं काढला."

---

त्यानंतर फळ्याकडं कुणी फिरकेना. मामा तर तिथून जाताना मान खाली घालायचे, जणू सावकार उभाय.

---

मग एक अख्खा लॉट परत आला. सगळी होलं दोन एमएम मोठी. पाडली होती सलीमभाईंनी. अकरा वर्षं टेंपररी असलेल्या या माणसाचं परमनंटचं लेटर त्याच आठवड्यात निघणार होतं. पण होलाचा आकडा बदलला होता साहेबांनी, ड्रॉइंगवर, स्वतःच्या पेनानं. ते ड्रॉइंग मशीनपाशीच लटकत होतं, सगळ्यांनी बघितलेलं.

सकाळच्या मीटिंगला साहेब म्हणाले की सलीमनं मोठ्या मनानं ओन अप करावं, लेटरचं मग आपण बघू. मी तोंड उघडलं तर मामांनी माझा पाय दाबला. स्वतः मात्र छताचा पंखा बघत होते.

सलीमभाई उठले. खडू घेऊन ठळक अक्षरात लिहिलं: 'होलं मी पाडली. सलीम.' मग खाली एक ओळ मावेल एवढी जागा सोडली आणि खडू साहेबांपुढं धरला.

"आकडा किसने दिया, वो आप लिखो साहेब."

साहेबांनी खडूकडं पाहिलं, मग मामांकडं.

"मामा, सगळ्यांना चहा सांगा."

मामा निघालेच होते. सलीमभाईंचा हात तसाच पुढं.

"चाय बाद में, साहेब. पैले खडू."