उघड्या पाठीचे हेडफोन

आमच्या घरात देवांना सोवळं नाही. लंडनच्या कडेला, पिनरच्या या घरात आल्यापासून देव्हारा किचनमध्ये टोस्टरच्या शेजारी आहे, आणि ज्याला आठवेल तो दिवा लावतो. सोवळं होतं ते नवऱ्याच्या हेडफोनना. त्यांना कोणी हात लावायचा नाही, धूळसुद्धा त्यानंच पुसायची, स्टँड इंचभर हलवायचा नाही. पाहुणे आले की मात्र दर्शन. अक्रोडाच्या लाकडाची गोल चौकट, बाहेरून काळी जाळी, आत मऊ कातड्याच्या गाद्या, आणि वजन इतकं की मान आखडावी. दर्शन झालं की प्रवचन. साध्या हेडफोनमध्ये शंकूसारखा बारका कोन थडथडतो म्हणे. इथं केसाहून पातळ पडदा, त्यावर धातूच्या बारीक रेघा, पुढेमागे चुंबकांच्या पट्ट्या, आणि तो अख्खा पडदा एकदम हलतो. म्हणून आवाजात गिचमिड नाही. शिवाय पाठ उघडी. जाळीतून हवा आरपार, त्यामुळे गाणं डोक्यात कोंडत नाही, समोर बैठक बसल्यासारखं वाटतं.

हे प्रवचन मी हातात चहाचा ट्रे धरून कितीतरी वेळा ऐकलं. पाठ उघडी, हवा आरपार, हे शब्द दर वेळी ऐकले. आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई लेस्टरचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, जिना चढणं बंद, म्हणून आमची डायनिंग रूम त्यांची खोली झाली. काउन्सिलनं बेड दिला, कमोड दिला, सकाळी अर्धा तास अंघोळ-कपड्यांना केअरर दिली. बाकीचा दिवस माझा. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात, इथल्या भाषेत सर्जरीत, रिसेप्शनला अर्धवेळ जाते, तिथंही दिवसभर लोकांची बोलणीच खाते, आणि घरी आले की कोट काढायच्या आत आईंची हाक.

सुरुवातीला हाक माझ्या नावाची नसायची. त्या "अरे" म्हणायच्या. मुलाला बोलवायच्या. तो लाउंजमध्ये, मधल्या दारापलीकडे, त्यांच्यापासून दहा पावलांवर खुर्चीत बसलेला, डोळे मिटून, हेडफोन लावून, उजव्या पायानं ठेका धरून. अरे, उशी सरकली. अरे, जरा येतोस? हा ढिम्म. मग मी वरून, किचनमधून, बागेतून धावायची. जाताना त्याच्या खांद्याला हात लावला की एक कान मोकळा करून निरागस चेहऱ्यानं म्हणायचा, "सॉरी, ऐकलं नाही. हेडफोन्स होते." मी मान्य करायची. आईच म्हणायच्या, असू दे गं, दिवसभर स्क्रीनपुढे असतो, त्याला बिचाऱ्याला काय ऐकू येणार. हळूहळू "अरे" बंद झालं आणि "अगं" सुरू झालं. मला वाटलं, माझी सवय झाली त्यांना. चक्क बरं वाटलं होतं मला.

एका गुरुवारी तो ऑफिसला गेला होता. आदल्या संध्याकाळी मी पाच वेळा उठले होते आणि त्यानं पापणीही हलवली नव्हती. मला राग होताच. म्हटलं बघू तरी, काय एवढा स्वर्ग आहे त्यात. स्टँडवरून हेडफोन उचलले, त्याच्या खुर्चीत बसले, आणि काल अर्धवट राहिलेलं गाणं लावलं.

खोटं कशाला बोलू, आवाज अप्रतिम होता. तानपुऱ्याची तार न् तार वेगळी. गाणाऱ्या बाईंनी षड्ज लावायच्या आधी घेतलेला श्वास मला ऐकू आला. मागे कोणीतरी मांडी बदलली, तेही कळलं. कुठं दणका नाही, कुठं कर्कश नाही, सगळं आपापल्या जागी, अंतरावर. मी दोन मिनिटं विरघळलेच.

आणि त्याच बैठकीत आमचा फ्रिज सुरू झाला. स्वच्छ ऐकू आला. शेजाऱ्यांनी कचऱ्याची बिन ओढत नेली, तीही ऐकू आली. मग आतल्या खोलीतून आई खोकल्या, आणि नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाल्या, अगं, आहेस का? गाणं चालू होतं. मी आवाज वाढवला, तो जेवढ्यावर ठेवतो तिथपर्यंत. आईंनी पुन्हा विचारलं. प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं! म्हणजे हा माणूस दोन वर्षं आईची हाक ऐकत होता, आणि माझे जिन्यावरचे पायही ऐकत होता. मी येतेय हे कळेपर्यंत थांबायचा आणि मग तो निरागस चेहरा. बहिऱ्याचं सोंग करायला इतकं उत्तम यंत्र आणलं होतं त्यानं, आणि वर पाहुण्यांना त्याची रचना समजावून सांगत होता.

मी तशीच आईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. तुमच्या मुलाला सगळं ऐकू येतं म्हटलं, आज येऊ दे घरी, त्याची नाही चांगली खरडपट्टी काढली तर बघा.

आई शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत आहे."

लेस्टरला त्यांनी तीस वर्षं होजिअरीच्या फॅक्टरीत मशीन चालवलं. तिथं एवढा खडखडाट, की हाक मारलेली बाई वर बघायची नाही, ऐकलंच नाही म्हणायची. पण ऐकलेलं असलं की पेडलवरचा पाय क्षणभर थांबायचा. त्यांनी मधल्या दाराकडे बोट केलं. त्यांच्या उशीवरून लाउंजमधली खुर्ची पाठमोरी दिसते, आणि खाली फक्त त्याचा उजवा पाय.

"मी अरे म्हटलं की त्याचा ठेका चुकायचा," त्या म्हणाल्या. "म्हणून मी तुला हाक मारायला लागले. तू त्याला सांगू नकोस. आत्ता त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो येत नाही. तू सांगितलंस की ऐकू येऊन येत नाही असं होईल. मग मी इथं कशी राहू?"

मला त्यांचाही राग आला. मायेचा नाही, चांगला सणसणीत राग. एवढं माहीत असून मूग गिळून बसायचं, आणि धावाधाव माझ्या गळ्यात. पण शब्द दिला. सांगणार नाही म्हटलं, आणि नाहीच सांगितलं.

मी सोवळं मोडलं. त्याची खुर्ची ओढत आईंच्या बेडला टेकवली. स्टँड, अॅम्प्लिफायर, वायरींचं जंजाळ, सगळं उचलून आत आणलं आणि बेडशेजारच्या टेबलावर, पाण्याच्या जगजवळ मांडलं.

घरी आल्यावर तो भडकला. कोणाला विचारून हात लावलास वगैरे झालं. मी म्हटलं, आईंना सोबत होईल, तू तुझं गाणं ऐक. तो म्हणाला, इथं नको, इथं आई सारखी… आणि थबकला. मी विचारलं, सारखी काय? तो म्हणाला, इथं लाइट बरोबर नाही. मी म्हटलं, तू तर डोळे मिटून ऐकतोस. आई छताकडे बघत पडून होत्या. खरं कारण सांगायचं तर आधी ऐकू येतं हे कबूल करायला हवं होतं. बसला.

जेवणं झाल्यावर मी किचनमध्ये भांडी घासत होते. हाक आली.

"अगं, पाणी देतेस?"

मला. हाताच्या अंतरावर मुलगा बसलेला, जग त्याच्या कोपराशी, आणि ही बाई त्याला ओलांडून, दोन भिंतींपलीकडे मला हाक मारते. त्याची लाज झाकायला. मी नळ बंद केला. डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ संतापानं. दारातून मला त्याचा पाय दिसत होता. थांबलेला.

"अगं," आई पुन्हा म्हणाल्या.

मी गेले नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मीही ऐकू येत असून गेले नाही, आणि ते काय असतं ते मला कळलं. ओला स्पंज हातात धरून उभी राहिले. मग खुर्ची करकरली आणि ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज आला. आईंना तो जग उचलत नाही.

पाणी पिऊन झाल्यावर आई त्याला "थँक यू" म्हणाल्या. मला दोन वर्षांत एकदाही म्हणाल्या नव्हत्या. घरच्या माणसाला कोण म्हणतं.