साडूचं वॉफल

माझ्या साडूविषयी माझ्या मनात काहीही वाईट नाही. त्यांना वर्षातून एकदा जोरदार सर्दी व्हावी आणि ती नेमकी रविवारी व्हावी, एवढंच मला वाटतं.

साडू म्हणजे प्रशांतराव. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, मीनलचे, यजमान. जुळे सोलापूर या नव्या वस्तीत फ्लॅट, पोट आत, केस जागच्या जागी. (माझं तिन्ही उलट. घर भवानी पेठेत, पोट बाहेर, आणि केसांचा विषय नको.) इथपर्यंत मी सहन केलं होतं. आठ वर्षं केलं होतं! पण एका रविवारी त्यांनी आम्हाला नाश्त्याला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं वॉफल करून घातलं, तिथं माझा तोल गेला.

ज्यांनी वॉफल बघितलं नसेल त्यांना सांगतो. दोन गरम जाळ्यांच्या मध्ये पातळ पीठ ओतायचं, झाकण मिटायचं आणि चार-पाच मिनिटांनी चौकड्याची नक्षी उमटलेला जाड पोळा बाहेर काढायचा. अस्सल सोलापूरकराला तो बघून आधी टॉवेल आठवतो. मी तसं बोलूनही दाखवलं. कुणी हसलं नाही. कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

"बाहेरून काय कुरकुरीत, आतून नुसता कापूस!" माझी बायको सुनंदा म्हणाली. तिनं चार खाल्ली. चौथं खाताना तिनं डोळे मिटले. लग्नाला चौदा वर्षं झाली. माझ्यामुळं तिनं डोळे मिटले ते फक्त मी गाडी चालवताना.

बरं, माझी आई अंडं खात नाही, तर प्रशांतरावांनी तिच्यासाठी बिनअंड्याचं वेगळं केलं. वर गूळ घातला. आई मूळची नातेपुत्याकडची. कौतुक हा प्रकार तिनं आयुष्यभर फक्त म्हशीच्या बाबतीत केलेला. ती म्हणाली, "लई गुणाचा हाय गं सुनंदा तुझ्या भनीचा नवरा. न्हायतर आमचं ह्ये!" आणि तिनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

मग माझी मुलगी स्वरा, वय वर्षं नऊ, तिनं मध पुसत विचारलं, "पप्पा, तुम्हाला काय करायला येतं?"

मी विचार केला. "चहा."

"तो उतू जातो," सुनंदा म्हणाली.

"आन् जे उरतंय ते पांचट आसतंय," आई म्हणाली.

प्रशांतराव मात्र नुसते हसले आणि माझ्या ताटात अजून एक वॉफल वाढलं. हा माणूस मला साधं चिडायचं कारणसुद्धा देत नाही!

परत येताना रिक्षात स्वरानं बॉम्ब टाकला. "मम्मी, माझा वाढदिवस काकांच्या घरी करू या का? पुढच्या रविवारीच आहे. काका सगळ्यांना वॉफल देतील!"

रिक्षा खड्ड्यात आदळली की माझं काळीज, ते मला कळलंच नाही. माझ्या मुलीचा वाढदिवस, त्यांच्या घरी? केक कापायला ते, टाळ्या वाजवायला मी?

"वाढदिवस आपल्याच घरी होणार," मी म्हणालो. "आणि वॉफल मी करणार!"

"कोण?" सुनंदा म्हणाली.

"मी!"

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. तो मला ओळखतही नव्हता, तरी त्याचा विश्वास बसला नाही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी वॉफलचं मशीन आणलं. कृती विचारायला प्रशांतरावांना एक फोन पुरला असता. पण तो फोन करण्यापेक्षा मी सात रस्त्याच्या चौकात उभं राहून ती ओरडून विचारली असती. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. ऑफिसात पाटबंधाऱ्याच्या फायली उघड्या ठेवून मी आठवडाभर फक्त पीठ कसं ढवळावं ते बघत होतो. साहेब मागून येऊन उभे राहिले. "काय बघालाव?" मी म्हणालो, "सर, गाळ." स्क्रीनवर मैदा होता. साहेबांना पटलं.

शनिवारी सगळ्या बाजारात गेल्यावर मी गुपचूप सराव केला. पहिलं वॉफल झालं ते असं, की सुरीनं कापेना, हातानं तुटेना. खिडकीतून खाली टाकलं. आमच्या गल्लीत एक शेळी फिरते. मागच्या महिन्यात तिनं आमच्या घरमालकीण लक्ष्मीअक्कांच्या पुतण्याच्या लग्नाच्या दोन पत्रिका पाकिटासकट खाल्ल्या होत्या. तिनं माझं वॉफल हुंगलं, माझ्याकडं वर बघितलं आणि निघून गेली.

मी परत व्हिडिओ बघितला. आता चूक सापडली! अंड्याचा पांढरा भाग वेगळा काढून त्याचा फेस करायचा असतो. भांडं उलटं केलं तरी फेस पडता कामा नये, इतका घट्ट. मग तो हलक्या हातानं पिठात मिसळायचा. त्यानंच वॉफल हलकं होतं. म्हणजे प्रशांतरावांच्या कापसाचं गुपित माझ्या हाती लागलं होतं!

रविवार उजाडला. पाहुणे नऊ वाजता. स्वराच्या आठ मैत्रिणी, मीनल आणि ते.

"मी पोहे भिजवून ठेवू का थोडे?" सुनंदानं दारातून विचारलं.

"तू पोहे नाही, अविश्वास भिजवतेयस!" मी म्हणालो आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

फेस करायला आमच्याकडं यंत्र नव्हतं. हातानं काट्यानं फेटून मनगट भरून आलं, तरी अंडं जसंच्या तसं. तेवढ्यात खुंटीला रवी दिसली. ताक घुसळायची, लाकडाची. मी ती दोन्ही तळहातांत धरून अशी फिरवली म्हणता! पाच मिनिटांत फेस. भांडं उलटं धरलं, एक थेंब पडला नाही. मला स्वतःविषयी इतका आदर पूर्वी कधीच वाटला नव्हता.

दार ढकलून आई आत आली.

"सुभ्या, काय घुसळतुयास?"

"फेस, आई."

"कशाचा?"

मी छताकडं बघितलं. आईनं ओट्यावरच्या टरफलांकडं बघितलं.

"आंडं? माज्या ताकाच्या रवीनं?"

"फक्त पांढरं, आई. पिवळं घातलं नाही!"

हा बचाव चालला नाही. "माज्या सासूनं दिल्याली रवी हाय ती!" एवढं बोलून आई बाहेर गेली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत तिनं एकाच वाक्यानं केलं. "या, बसा. आमच्या सुभ्यानं माजी रवी आंड्यात बुडवली." नऊ वर्षांच्या मुलींनाही तिनं ते सांगितलं. मीनलला दोनदा सांगितलं.

बाहेर मुली ओरडायला लागल्या, "वॉफल! वॉफल!" मी मशीन तापवलं, पळी भरून पीठ ओतलं. जाळी थोडी रिकामी दिसली म्हणून अजून एक पळी ओतली. (पाहुणे आहेत, कंजुषी कशाला!) झाकण मिटलं आणि चारी बाजूंनी पीठ बाहेर यायला लागलं. ओट्यावर, ओट्यावरून खाली, तिथून माझ्या चपलेत. मी झाकण दाबून धरलं, तर ते जास्तच जोमानं आलं.

व्हिडिओत सांगितलं होतं, वाफ थांबेपर्यंत उघडू नका. मी वाट बघितली. वाफ थांबेना. थोड्या वेळानं ती काळी झाली, तेव्हा मला शंका आली. झाकण उघडायला गेलो. उघडेना! एका हातानं खालची बाजू धरली, दुसऱ्यानं वरची, पाय भिंतीला लावला. आतून ते वॉफल दोन्ही जाळ्या घट्ट धरून बसलेलं.

दारातून प्रशांतरावांचं डोकं आत आलं. "दादा, काही मदत करू का?"

"नको, नको! मस्त चाललंय!" मी धुरातून म्हणालो.

"जाळीला तेल लावलं होतं ना?"

"नॉनस्टिक आहे!"

"तरी थोडं लावायचं असतं," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात, की निदान हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

ते गेल्यावर मी ठरवलं, आता माघार नाही. उष्णता वाढवली की आपोआप सुटेल! मी मशीनचं बटण पूर्ण फिरवलं. तिकडं न्हाणीघरात गीझर चालू होता, इकडं फ्रीज. एक 'फट्' असा आवाज झाला. पंखा थांबला. आणि खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अय्यो! करंट पोयिंदि!"

लक्ष्मीअक्का. लाईट गेली की त्यांची तेलुगू बाहेर येते. त्यांचं इडलीचं पीठ मिक्सरमध्ये अर्धं वाटून झालेलं. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी त्या जिना चढून वर आल्या. "काय केलाव हो सुभाषभाऊ?"

माझ्याऐवजी आईनंच उत्तर दिलं. "माजी रवी आंड्यात बुडवली!"

आता स्वयंपाकघरात मी, प्रशांतराव आणि एक न उघडणारं मशीन. त्यांनी वायर काढली, मशीन थंड होऊ दिलं, स्क्रू ड्रायव्हर मागितला, दोन स्क्रू काढले आणि झाकण अलगद वेगळं केलं. अर्धं वॉफल वरच्या जाळीला, अर्धं खालच्या. बाहेरून कोळसा, आतून खीर.

मग त्यांनी उरलेल्या पिठात बोट बुडवलं. "दादा! पीठ काय हलकं झालंय! माझं कधी इतकं होत नाही. कशानं फेटलंत?"

"रवीनं," मी हळूच म्हणालो.

"आयकलं म्या!" जिन्यावरून आवाज आला.

लाईट नव्हती, पण गॅस होता. प्रशांतरावांनी तवा ठेवला, तेलाचा हात फिरवला आणि माझ्या पिठाचे छोटे छोटे गोल घालायला सुरुवात केली. ते असे फुगले, असे फुगले, की मी मान फिरवली. मुलींनी ताटं पुढं केली. "काकांचे पॅनकेक! काका, मला अजून एक!" लक्ष्मीअक्कांनी तीन खाल्ले आणि फ्यूज विसरल्या. आईसुद्धा पायरीवरून उठून आत आली आणि प्रशांतरावांना म्हणाली, "माज्यापुरतं बिनआंड्याचं घाला की वाईच."

पीठ माझं, अंडी माझी, गॅस माझा, शिव्या खाल्लेल्या माझ्या. आणि नाव कुणाचं? काकांचं!

स्वरा तेवढी आत आली. तिनं खालच्या जाळीवरचा काळा तुकडा खरवडून घेतला, बाहेर नेला आणि मैत्रिणींना दाखवला. "हे माझ्या पप्पांनी केलंय." मैत्रिणी खिदळल्या. तिनं तो सगळ्यांसमोर तोंडात टाकला आणि कडाकडा चावला. "कुरकुरीत आहे," ती म्हणाली. मग दोन ग्लास पाणी प्यायली. मला एकदम डोळ्यांत धूर गेल्यासारखं झालं.

मुली खेळायला गच्चीवर गेल्या. शेवटचा पॅनकेक प्रशांतरावांनी अर्धा करून मला दिला. मी तो खाल्ला. चांगला होता, हेच तर दुःख! माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचं बरं आहे हो प्रशांतराव. घरात केवढा मान!"

त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कसला मान, दादा? मीनल रोज तुमचं उदाहरण देते."

"माझं?" माझी छाती फुगली. "काय म्हणते?"

"म्हणते, जरा दाजींकडून शिका! रविवारी पेपर घेऊन कोपऱ्यात गप बसतात. ओट्याला हात लावत नाहीत. तुमच्या एका वॉफलपायी मला तीन तास स्वयंपाकघर घासत बसावं लागतं, ताई बघा कशी सुखात आहे!" "खरं सांगू? मी जळतो हो तुमच्यावर."

आठ वर्षं! आठ वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, तो माझ्यावर जळत होता! हा आनंद मी निवांत, चवीचवीनं उपभोगणार होतो. पण तेवढ्यात सुनंदा आणि मीनल दारात येऊन उभ्या राहिल्या.

मीनलनं ओट्यावरून ओघळलेलं पीठ बघितलं. फरशीवरची माझी पिठाची पावलं बघितली. छताला चिकटलेला फेस बघितला. (तो तिथं कसा गेला, मला आजही माहीत नाही.) तिनं कपाळाला हात लावला. "अगंबाई! दाजी, तुम्हीसुद्धा?"

सुनंदानं फक्त दोन घासण्या काढल्या. एक मला दिली, एक त्यांना.

साऱ्या जगात एकच गोष्ट अशी होती, जिच्यात मी प्रशांतरावांच्या पुढं होतो. ती म्हणजे काहीही न करणं. तीसुद्धा मी दोन वाट्या मैदा घालून स्वतःच्या हातानं घालवली. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभं राहून दीड तास ओटा घासला. डावी बाजू माझी, उजवी त्यांची.

शेवटी दोघी बघायला आल्या. उजवी बाजू जास्त चमकत होती.