लसीच्या खोलीबाहेरची बुडबुडेवाली

दवाखान्यातली मुलं तिला बुडबुडेवाली म्हणत. बोलायला अडणाऱ्या मुलांना बोलतं करणं हे तिचं काम. पण मुलं तिच्याकडे यायची ती थेट शाळेत घालायची वेळ झाल्यावर. "आधी का नाही आणलंत?" असं आयांना विचारून विचारून ती थकली. मग तिनं वरिष्ठांच्या मागे लकडा लावला आणि आपली चटई सरळ लसीच्या खोलीबाहेर मांडली. तिथं तर झाडून सगळी पोरं येणारच!

रांगेतल्या मुलांशी ती खेळायची. साबणाचे बुडबुडे उडवायची, मध्येच थांबायची आणि वाट बघायची. मूल 'अजून' मागतं का? बोट दाखवतं का? मागून हाक मारली तर वळतं का?

एकदा एक आजी दोन वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. पोरगी चुणचुणीत, हसरी. पण हाकेला काही वळेना.

"आजी, हिचे कान तपासून घेऊ या."

आजींचा पारा चढला. "कानांना काय धाड भरलीय? आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात. दार आपटलं की कशी दचकते बघा!"

"दार आपटलं की खालचं बाकडं हादरतं ना, ते कळतं तिला. घरी गादीवर बसली की मागून हाक मारून बघा."

आजी फणकाऱ्यानं निघून गेल्या. आपण घाईनं बोललो का, ही रुखरुख बुडबुडेवालीला लागून राहिली. पण पुढच्याच आठवड्यात आजी दारात उभ्या. डोळे सुजलेले.

"खूप हाका मारल्या हो. शेवटी ताट बडवलं. पोरगी आपली बाहुलीत दंग."

बुडबुडेवालीनं आजींचा हात धरला आणि तपासणीला स्वतः सोबत गेली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. यंत्रं बसली. "आता तिच्याशी सारखं बोलत राहा," एवढंच तिनं सांगितलं, आणि आजींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आता कांदा चिरते हं! आता मी रडते हं!" सून हसून म्हणायची, "माझा नंबरच लागत नाही."

बरेच महिने गेले. एका दुपारी चटईवर आजींची अशीच टकळी चालू असताना नातीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि ठणकावून म्हणाली, "पुरे!"

आजी हसता हसता रडायला लागल्या. बुडबुडेवालीनं भराभर बुडबुडे उडवले.

दुसऱ्या दिवशी आजी शेजारणीच्या नातवाला कडेवर घेऊन हजर. "हाही फारसा बोलत नाही. बघा बरं जरा."