नऊ आणि तेवीस

संशोधन केंद्रात त्यांना सगळे खेकडेबाई म्हणत आणि बाईंना त्याचा मुळीच राग नव्हता. अकरा वर्षं ओहोटी लागली की बाई खडकांवर हजर. लोखंडी चौकट टाकायची, आतला एकेक दगड उचलायचा, खाली दडलेले परके खेकडे मोजायचे आणि दगड होता तसा परत ठेवायचा. जहाजांबरोबर आलेल्या या आगंतुकांनी इथल्या कालवांचा फडशा पाडला होता. ओळख सोपी. डोळ्याशेजारी कवचाच्या कडेला पाच दाते असले तर परका, तीन असले तर घरचा. पिल्लं मात्र जेमतेम नखाएवढी.

तीन वर्षं आकडा उतरत होता. केंद्राच्या प्रमुख मॅडम खूश होत्या. खेकडे पकडायची मोहीम बंद करायचं सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं, आणि बाईंचीही शेजारीपाजारी बढाई मारून झाली होती. मग गुरुवारी नातीच्या तळव्यात रुतलेलं कुसळ त्यांना दिसेना. शेवटी नातीनेच बोट ठेवून दाखवलं. खेकडे कमी झाले, की आपल्याला दिसायचे कमी झाले?

शनिवारी त्या नणंदेला घेऊन खडकांवर गेल्या. नणंदेची जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट. एकाच चौकटीत आधी बाईंनी मोजले. नऊ. मग नणंद उकिडवी बसली.

"वहिनी, इथे तर अख्खं गोकुळ नांदतंय," ती म्हणाली. "तेवीस."

बाईंनी दुसरी चौकट टाकली, तिसरी टाकली. तीच गत.

"कुणाला कळतंय?" नणंद हळूच म्हणाली. "यापुढे मी येत जाईन. मी सांगेन तो आकडा तू लिही. बोलायची गरजच काय?"

"आणि सोमवारी मोहीम बंद केली तर?"

नणंदेने हातातला दगड होता तसा परत ठेवला.

बाई तशाच ओल्या पायांनी केंद्रावर गेल्या. हे काम सुटलं तर आपलं काय उरतं, या भीतीने वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. मॅडमनी कागदावरचे एकाच चौकटीचे दोन्ही आकडे, बाईंचा आणि नणंदेचा, वाचले.

"हे कधीपासून, बाई?"

'याच वर्षी' असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यावर निभावलंही असतं.

"तीन वर्षं धरा," बाई म्हणाल्या. "उतरलेला एकेक आकडा माझ्या हातचा आहे."

मॅडमनी फोन उचलला आणि सोमवारची बैठक रद्द करायला सांगितली. बाईंनी चौकट टेबलावर ठेवली. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.