शेवटच्या माणसाचं नारिंगी जाकीट

फोटोतल्या शेवटच्या ओळीत, कुणाच्या तरी कानामागे अर्धा झाकलेला जो चेहरा दिसतो, तो शेपूटकाकांचा. बसमध्ये ते शेवटी चढतात, जेवायला शेवटी बसतात, आणि विनोदावर सगळ्यांचं हसून झालं की मग हसतात. "आमच्या लग्नातसुद्धा मी हजर होऊन बसले होते, हे मागून आले," असं त्यांची बायको कुणी न विचारता सांगते.

बाजारामागच्या गल्लीत त्यांचं मोटरसायकलच्या सीटा शिवायचं दुकान आहे. रेक्झिन, स्पंज आणि गोंद यांचा वास गिऱ्हाइकाला कोपऱ्यावरच गाठतो. दुकानात मधोमध चाकं नसलेला एक मोटरसायकलचा सांगाडा जमिनीत घट्ट रोवलेला आहे. नवी सीट त्यावर चढवून गिऱ्हाइकाला बसवायचं, ही काकांची पद्धत. चांगले जाणते लोक भिंतीकडे तोंड करून हँडल धरतात आणि वळणावर झुकल्यासारखे झुकतात.

"काका, पुढून टोचतंय हो."

"सीट नाही टोचत. पोट टाकीला लागतंय. मागे सरक."

असल्या गिऱ्हाइकांचाच पुढे एक क्लब झाला. वर्षातून एकदा तो डोंगरातल्या रस्त्यांवर सफर काढतो. सगळ्यात पुढे दातांचे डॉक्टर असतात, आणि ते मागे वळून बघत नाहीत. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून झाल्यावर त्यांना फक्त लांबचं बघायचं असतं. फाटा आला की डॉक्टरांच्या लगेच मागचा माणूस तिथे उभा राहतो आणि येणाऱ्यांना वाट दाखवतो. नारिंगी जाकीट घातलेला माणूस गेला, की शेवटचा गेला असं समजायचं आणि फाटा सोडायचा. हे नारिंगी जाकीट अर्थातच काकांचं. शेपूट हे नावही त्यावरूनच पडलं.

कामात मात्र माणूस पक्का. आजवर एकालाही त्यांनी हरवू दिलं नव्हतं. एकदा एकजण कंटाळून परस्पर घरी निघाला, तर काका त्याच्या दारापर्यंत मागे गेले. तो कुलूप उघडायला लागला तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, "जेवण इथे आहे का?"

यंदा मात्र सफरीत विहीणबाई होत्या. काकांच्या लेकीची सासू. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर बाईंनी मोटरसायकल शिकायला घेतली. जावई हादरला.

"आई, हे काय वय आहे?"

"वय माझं आहे. तू कशाला मोजतोस?"

अखेर जावई एका अटीवर नरमला. "मागे बाबा असतील तरच जा. बाबा, आईला तुमच्या भरवशावर पाठवतोय हं." एवढ्यावर भागतं तर ठीक होतं. पण लेकीनं काकांना स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाबा, त्यांना नुसतं खरचटलं तरी मला त्याच घरात राहायचंय. लक्षात ठेवा."

काकांनी इतकं लक्षात ठेवलं, की निघायच्या आधी विहीणबाईंना सगळे नियम दोनदा समजावले. "फाट्यावर आपला माणूस दिसला नाही, तर तिथेच थांबायचं. नारिंगी जाकीट दिसल्याशिवाय हलायचं नाही."

"व्याही, मी टेलिफोनवर लोकांना 'लाइनवर थांबा' सांगत आयुष्य काढलंय. थांबणं मला शिकवू नका."

घाट चढताना सकाळ सुरेख होती. खाली तळं लकाकत होतं आणि वळणावळणाला ते डावीकडून उजवीकडे उडी मारत होतं. विहीणबाई हळू पण ठाम चालवत होत्या. काका मागून त्यांच्या लाल हेल्मेटवर नजर रोवून होते. घाटमाथ्यावर मात्र धुकं उतरलं आणि वारा सुटला. चहाला थांबले तेव्हा क्लबातला बेकरीवाला असा कुडकुडत होता, की त्याच्या कपातला चहा दुसऱ्याच्या बुटावर सांडत होता. उभा जन्म भट्टीपुढे गेलेला माणूस, पातळ सदऱ्यावर आला होता.

"घाल हे," म्हणत काकांनी अंगातलं जाकीट काढून त्याला दिलं. स्वतःच्या अंगात जाडजूड स्वेटर होता, मग अडचण काय? कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही. विहीणबाईंनी तर "किती मायाळू आहात हो" असंही म्हटलं.

उतार लागला आणि काकांच्या गाडीची चेन उतरली. "तुम्ही व्हा पुढे, हा आलोच," असं त्यांनी विहीणबाईंना सांगितलं. चेन चढवून, काळे हात पँटला पुसत ते फाट्यावर आले तर तिथे कुणीच नाही. "पळाला लेकाचा! भेटू दे, कान उपटतो," असं पुटपुटत ते उजवीकडे वळले. रस्ता त्यांच्या पायाखालचा होता.

तळ्याकाठच्या विश्रामगृहात सगळे जेवायला बसले होते. काकांनी एकेक चेहरा पाहिला. पुन्हा पाहिला. टेबलांमधून लाल हेल्मेट शोधलं.

"विहीणबाई कुठायत?"

"तुमच्यासोबत नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

फाट्यावर उभा राहिलेला औषधांचा दुकानदार घास हातात तसाच धरून म्हणाला, "पण जाकीट गेलं की! मी हात केला, जाकिटानं उलटा हात केला, मी निघालो."

"अच्छा, म्हणून होय!" बेकरीवाला म्हणाला. "मला वाटलं, किती प्रेमळ माणसं! जो तो हात करतोय."

काका आल्या पावली दाराकडे वळले. तेवढ्यात फोन वाजला. लेक.

"बाबा, पोचलात?"

"पोचलो."

"आणि सासूबाई?"

"त्या... निसर्ग बघतायत." हे बहुधा खरंही होतं.

विहीणबाईंचा फोन लागेना. मग आयुष्यात पहिल्यांदा शेपूटकाका सगळ्यांच्या पुढे निघाले. डॉक्टर आणि बेकरीवाला मागे. फाट्यावरून डावीकडचा रस्ता धरला. तो अरुंद, एका बाजूला दरी. प्रत्येक वळणावर काका वेग कमी करून खाली वाकून बघत, आणि खाली नुसती झाडं दिसली की तेवढ्यापुरता श्वास घेत. एका ठिकाणी झुडपात काहीतरी लाल दिसलं. गाडी जवळजवळ आडवी करत ते थांबले. कुणीतरी टाकलेली प्लास्टिकची बादली होती. त्या बादलीला त्यांनी मनोमन हात जोडले.

पुढच्या फाट्यावर मात्र खरं लाल हेल्मेट होतं. गाडी स्टँडला लावून विहीणबाई मैलाच्या दगडावर ताठ बसल्या होत्या, आणि एका गोंधळलेल्या ट्रकवाल्याला हातवारे करत रस्ता सांगत होत्या. ट्रकवाला मुकाट्यानं ऐकत होता.

"विहीणबाई!" काकांचा आवाज फाटला. "चला, चला लवकर!"

"जाकीट कुठंय?"

"अहो, मी आलोय ना!"

"तुम्ही दिसताय. जाकीट दिसत नाही. नियम तुमचाच."

तेवढ्यात मागून बेकरीवाला नारिंगी होऊन आला. बाईंनी त्याला रीतसर हात केला, उठल्या, आणि कपडे झटकले. काका मात्र त्याच दगडावर मटकन बसले. हसू येत होतं.

"अंगाला काही लागलं नाही ना? खरचटलं वगैरे?"

"काही नाही हो. धुक्यात मागचा फाटा कळलाच नाही, म्हणून इथे थांबले. मजेत होते. कितीतरी वर्षांनी कुणी 'आई, ए आई' केलं नाही."

विश्रामगृहात परतल्यावर काका नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसले. पहिला घास तोंडाशी नेला तोच विहीणबाईंचा फोन वाजला. जावई होता. काकांनी घास ताटात ठेवला.

"छान झाला रे प्रवास," बाई सांगत होत्या. "पण तुझ्या सासऱ्यांना जरा समजाव. एक मिनिट मोकळं सोडत नाहीत. वळून बघावं तर हे मागे आहेतच! माणसानं काळजी तरी किती करावी?"

फोन ठेवल्यावर काकांच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. "विहीणबाई, फार उपकार झाले. लेकीचं घर राखलंत."

"उपकार कसले! खरं सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी मला पाठवलं असतं का त्यांनी?"

शेपूटकाकांचा जीव नुकताच भांड्यात पडला होता. 'पुढच्या वर्षी' ऐकून तो जरासा काठावर चढला, आत-बाहेर बघू लागला. पण ताटातलं अजून गरम होतं आणि समोर लाल हेल्मेटवाली बाई एवढंसंही न खरचटलेल्या हातानं त्यांना आग्रह करून वाढत होती. तेव्हा पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, असं म्हणून त्यांनी घास उचलला.