मावसाजींचा वाटाड्या

परदेशी पाहुण्याला घरात ठेवून घ्यावं आणि गाव मात्र त्याला पाहू देऊ नये, ही कला अख्ख्या वऱ्हाडात आमच्या मावसाजींनाच साधली होती. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अकोल्यात त्यांच्या घरामागं दोन खोल्या होत्या. कापसाचा हंगाम लागला की कोणी विलायतेचा, कोणी जपानचा साहेब रुई पाहायला येई आणि महिना-दोन महिने तिथं उतरे. या साहेबलोकांसाठी मुलखाची माहिती देणारा एक 'वाटाड्या' लिहायचं मावसाजींनी मनावर घेतलं. ते सांगत आणि मी इंग्रजी करी. मॅट्रिक झालो ही चूक माझीच!

"लिह्य," खाटेवर मांडी ठोकून मावसाजी म्हणत. "अकोल्याचा किल्ला. पडला हाये. पाह्यल्यानं उभा होत नाही." पुढे, "हिवरखेड. आमचं वावर हाये. तुरीले हात लावू नये." मग, "तेल्हारा. माहा साडू राह्यते. भेटू नये." हे साडू म्हणजे माझे जन्मदाते वडील. तेही वाक्य मी इमानेइतबारे इंग्रजीत उतरवलं. जेवणाबद्दल साहेबाला एवढंच अभय होतं, "मिरची तिखट असते. रडाचं असन त आंगनात रडावं." असला पाहुणचार वाचूनही साहेब पळून जात नसत, ही त्यांची थोरवी.

अमरावती आली की मात्र मावसाजींचा आवाज लोण्यासारखा मऊ होई. बाकी गावांना एकेक ओळ आणि अमरावतीला पानंच्या पानं. त्यात अंबादेवी नावापुरती. "दर्शन घ्यावं, मंग उजव्या हाताची गल्ली, हिरव्या दाराचं घर. दारात उभं राहून पानी मांगावं." त्या घरात पाहण्यासारखं एकच होतं, मावसाजींची एकुलती एक लेक गोदी. तिच्या लग्नात व्याह्यांनी भर पंगतीत वरण आळणी असल्याचं ओरडून सांगितलं. (वरण खरंच आळणी होतं, मी जेवलो होतो.) मावसाजींनी तिथल्या तिथं शपथ घेतली, "या मानसाच्या उंबऱ्यात पाय ठिवीन त बापाचं नाव लावनार नाही!" व्याहीही काही कमी नव्हते. त्यांनी सुनेला माहेरी धाडणंच बंद केलं. दोन म्हाताऱ्यांच्या मिठापायी पोरीचं माहेर तुटलं.

म्हणून दर हंगामाला एकेक साहेब गोदीच्या दारात पाणी पिऊन येई, आणि इकडे त्याची उलटतपासणी होई. "कशी दिसून राह्यली? हासली का? हातात बांगड्या व्हत्या ना?" साहेब बिचारा रुईचा धागा ओढून त्याची लांबी सांगणारा माणूस. बाईमाणूस सुखात आहे की नाही हे त्याला काय कळणार, कपाळ! मावशी चिडून म्हणायची, "सायबाले धाडता, सोता काहून नाही जात?" मावसाजी साहेबाकडे वळून पुन्हा बांगड्यांवर येत.

पुढे लढाई पेटली आणि साहेब यायचे बंद झाले. खोल्यांना कुलूप लागलं. गोदीची खबर आणायला माणूस उरला नाही, तसं मावसाजींचं जेवणावरून मन उडालं. एका सकाळी डोक्यावर टोपी घालून माझ्यासमोर उभे. "चाल बे अमरावतीले. तुले विंग्रजी येते." अमरावतीत इंग्रजीचं काय काम, हे मी विचारलं नाही.

हिरव्या दाराशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मावसाजी उंबऱ्याच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबले आणि तिथून हलेनात. आत झोपाळ्यावर बसलेल्या व्याह्यांनी आम्हाला पाहून तोंड भिंतीकडे केलं. आतून गोदी आली. तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. "आत या" असं ती म्हणाली नाही. पदर सारखा करून सासऱ्यादेखत उंबरा ओलांडून बाहेर आली आणि बापाशेजारी उन्हात उभी राहिली.

"तूर कशी हाये औंदा, बाबा?"

"बेस हाये," मावसाजी म्हणाले. मग ती दोघं गाईचं, मावशीच्या गुडघ्याचं, कशाकशाचं बोलत राहिली. सावली होती ती सगळी दाराच्या आत. ऊन लागेल, घरात जा, असं मावसाजींनी लेकीला एकदाही म्हटलं नाही, आणि मलाही म्हणवलं नाही.