शिवेवरची काळी पिशवी

इस्तारी छत्रीवाला जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर शिवत फिरला आणि स्वतः मात्र झोपला पिशवीत. थट्टा नाही, खरोखरीच पिशवीत. सन पंचावन्नच्या आगेमागे गडचिरोलीपासून धानोऱ्याकडच्या जंगलापर्यंत ज्याच्या घरी म्हणून छत्री होती, मग तो पाटील असो, गुरुजी असो की पटवारी, त्याच्या ओसरीला इस्तारीचे पाय लागलेले. मोडकी काडी बदलायची, विरलेलं कापड उतरवून नवं चढवायचं, हा त्याचा धंदा. उतरवलेलं जुनं कापड कोणी परत मागत नसे. इस्तारी त्यातले धड तुकडे निवडून ठेवी.

छत्रीच्या कापडाचे तुकडे मुळातच तिकोनी. ते जोडत जोडत त्याने माणसाएवढी पिशवी शिवली, खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती. शिवणीवर मोहोळाचं मेण घासलं. घडी केली की झोळीच्या एका कोपऱ्यात मावे आणि खांद्याला तिचं ओझं म्हणून वाटत नसे. दोन गावांमध्ये रान लांबचलांब, दिवस मध्येच मावळला की हा उंचवट्याची जागा बघे, जनावरांची पायवाट टाळे, खाली पानं अंथरी आणि शिरे आत. पहिल्या रात्री त्याने तोंडसुद्धा आत घेऊन वरून नाडी आवळली. सकाळी उठला तो चिंब! मेण विकणाऱ्याला चार दिवस शिव्या घातल्या, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की पाणी बाहेरून आलं नव्हतं, स्वतःच्याच श्वासाचं होतं. तेव्हापासून नाक-तोंड बाहेर.

लोक हसत. "इस्तारीभाऊ, जित्तेपणीच गाठोडं बांधून घेतलं का?" म्हणत. तो हसण्यावारी नेई. पण सकाळी पिशवीची घडी घालताना दोन्ही हात जोडून तिला म्हणे, "बाई, रात काढली तू माही." त्याच्या बायकोचं नाव कोणी काढलं तरी तो असाच हात जोडी. मुलगी दोन वर्षांची असताना बायको गेली. ही मुलगी म्हणजे कुंता. तिला खांद्यावर घेऊन तो गावोगाव फिरला. तिची वेणी घालायला शिकला, ती वाकडीच येई. पावसात बापलेक एकाच पिशवीत झोपत आणि सकाळी भांडत, की रात्रभर लाथा कोणी मारल्या.

कुंताला कोसमटोल्यात उमाजीच्या घरी दिली. जावई गरीब गाय. पण विहीण रुखमाबाई! भर मांडवात म्हणाली होती, "छत्रीवाल्याची पोर हाय. घरात टिकल का रानात पळल?" सगळे हसले. इस्तारीही हसला, पण ते वाक्य त्याच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं रुतून बसलं. त्यात त्या वर्षी राखीला मुलगी माहेरी आली नाही. 'बिनमायची पोर म्हणून छळत असतील,' असं तो रोज मनाशी घोकी आणि रोज थोडा जास्त चिडे.

पोळ्याच्या तोंडावर एक बांगडीवाला निरोप घेऊन आला. "तुह्या कुंताले हिव भरून राह्यलं. दिवसाआड थरथर कापते. अंथरुणातून उठत नाई."

इस्तारीने हातातली छत्री तशीच खाली ठेवली. दवाखान्यातून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या मिळवल्या, डबीत घालून कमरेला बांधल्या आणि निघाला. पाऊस थांबेना, नाले भरलेले. मधल्या रात्री पिशवीतच निघाल्या. पोळ्याच्या दिवशी अंधार पडता पडता तो कोसमटोल्याच्या शिवेवर पोचला आणि बघतो तर गावापुढचा नाला दुथडी भरून चाललेला. पलीकडे दिवे दिसतात, पोरीचं घर हाकेच्या अंतरावर, आणि पाय टाकायची सोय नाही. तो नाल्याला नाही नाही ते बोलला. मग एका मोठ्या दगडाआडच्या उंचवट्यावर पिशवीत शिरला आणि थकव्याने गाढ झोपला.

आता त्या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच गाव पीडा बाहेर काढतं. दारोदार रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, मोडके झाडू, फुटकी सुपं घ्यायची, "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत शिवेवर जायचं आणि गावातलं सगळं दुखणं-खुपणं त्यांच्याबरोबर भिरकावून द्यायचं. कोसमटोला तर ते नाल्यापार नेऊन टाकी, परत यायला नको म्हणून. रात्रीत पूर ओसरला होता. माणसं घोटाभर पाण्यातून बोंबलत आली आणि फांद्या, झाडू, सुपं नेमकी दगडाआड भिरकावली.

दगडाआडून काळं, लांबलचक काहीतरी उठून बसलं आणि खोकलं.

गाव जे पळालं! एकाचं धोतर नाल्यात राहिलं. खुद्द पुजारी लटारू, ज्याने पिढ्यान्‌पिढ्यांची भुतं बांधली म्हणून सांगत, तोही वळून न बघता पळाला. "अरे, मी होय! छत्रीवाला इस्तारी!" हा ओरडत होता. एक पाय पिशवीत, डोक्यावर झाडू.

हसून संपावी अशी गोष्ट, पण ती हसण्यावर संपली नाही. लटारू परतला तो पलीकडच्या काठावरच थांबला. चेहरा पडलेला.

"इस्तारीभाऊ, राग नोको मानू. गावाची पीडा तुह्या आंगावर पडली. आता तू गावात आला, त तीबी येते."

"माही पोरगी आजारी हाय, भाऊ. निदान ह्या गोळ्या तरी ने."

"तुह्या हातचं काईच नेता येत नाई. पाच दिवस तरी."

इस्तारी घुसू शकला असता. अडवणार कोण? हात लावायलाही कोणी धजावलं नसतं. पण उद्या गावात कोणाचं पोर नुसतं शिंकलं, तरी बोट कुंताकडे जाईल, हे त्याला ठाऊक होतं. बाप दोन दिवसांनी जाईल, पोरीला तिथे जन्म काढायचा आहे. पाच दिवस ती निभावेल का, हेही कळत नव्हतं. डबी मुठीत धरून तो पाण्याच्या काठाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

ऊन वर येईतो गोळ्यांची गोष्ट गावभर झाली आणि पलीकडे गलका उठला. बघतो तर उमाजीच्या पाठीवर वाकळीत गुंडाळलेली कुंता, आणि पुढे रुखमाबाई, काखेत मडकं, पदर खोचलेला. लटारू आडवा झाला.

"रुखमाबाई, पार गेली त तुले परत येता येत नाई!"

"मंग नाई येत," ती चालता चालताच म्हणाली. "माही सून जिथी, तिथी मी. सरक."

आणि ती नाल्यात उतरली. अलीकडे येऊन तिने मडकं ठेवलं, इस्तारीपुढे हात पसरला. "द्या इवाई, गोळ्या. किती द्याच्या, कवा द्याच्या, सांगा." त्याने डबी तिच्या तळहातावर ठेवली आणि बोटांवर मोजून दाखवलं. विहिणीसमोर म्हणायचं म्हणून इतके दिवस काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. कडू गोळी कुंताने थुंकली. रुखमाबाईने ती गुळात दाबून पुन्हा चारली आणि तिचं तोंड हाताने मिटून धरलं.

पाऊस भुरभुरू लागला तशी इस्तारीने पिशवी झटकली. तिघांनी मिळून कुंताला आत घातलं. "तोंड भाईर ठेव वं," तो सवयीने म्हणाला. रुखमाबाईने उमाजीला पिटाळलं आणि गावाने टाकलेल्या त्याच पीडेच्या फांद्यांचं छप्पर उभं करवलं. "पळसाची पानं हाय, पाणी अडवतेच," म्हणाली. पलीकडच्या काठावरून अर्धं गाव तोंडात बोटं घालून बघत होतं.

दिवसभर हिव चढलं-उतरलं. अंधार पडला, उमाजी बसल्या जागी पेंगला. पिशवीच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला सासू, दोघांत एक छत्री, आणि तीही रुखमाबाई सारखी कुंताच्या तोंडावर सरकवत होती. स्वतः अर्धी भिजत होती. पहाटेच्या सुमारास कुंताला दरदरून घाम आला. इस्तारीने कपाळाला हात लावला, ते गार लागलं. कुंताने डोळे न उघडता हाक मारली, "माय!"

इस्तारीला वाटलं, पोर तापाच्या गुंगीत गेलेल्या आईला बोलावते आहे. दोन वर्षांची असताना गेलेली आई हिला आठवते तरी कशी?

"ओ," रुखमाबाई म्हणाली. झोपेने जड, रोजच्या आवाजात. "काय पायजे वं? आंबील देऊ?"

"दे," कुंता म्हणाली.

रुखमाबाईने मडकं ओढलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सांडत सांडत पाजू लागली. आंबील गार झाली म्हणून स्वतःशीच कुरकुरत होती. मग अंधारातच, विहिणीला दिसणार नाही असे, इस्तारीने दोन्ही हात जोडले.